अश्वत्थाम्याची चार मिनिटे

कस्टमच्या कागदांसाठी केलेल्या यादीत पहिली नोंद ‘गदा, बांबू व कागदाचा लगदा, २ नग’ अशी होती, दुसरी ‘धनुष्य, १ नग’ आणि तिसरी ‘बाण, बोथट, १० नग’ अशी. त्यापुढे मुकुट, उत्तरीये, गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी, मृदंग, झांजा असे करत यादी ४१ नोंदींपर्यंत गेली. शांततेचे नाटक घेऊन परदेशी, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला, निघालेल्या इंदूरच्या एका हौशी संस्थेचे हे सामान होते, आणि ते जसेच्या तसे परत आणू अशी हमी आम्हाला आधीच द्यावी लागली होती. असे सामान तात्पुरते देशाबाहेर नेण्यासाठी ‘ए.टी.ए. कार्ने’ नावाचा एक दस्तऐवज काढता येतो. आपल्याकडे तो ‘फिक्की’ ही उद्योजकांची संघटना देते, त्याची मुदत एक वर्षाची असते आणि त्यात प्रत्येक वस्तूचे वजन व किंमत लिहावी लागते, कारण नेलेली वस्तू परत निघाली नाही, तर त्या देशाचे आयातशुल्क अंगावर येऊ शकते. गदेची किंमत किती लिहावी यावर आमच्या समितीत अर्धा तास चर्चा झाली, कारण ज्या सुताराने ती करून दिली होती त्याने मजुरी घेतलीच नव्हती.

ही यादी माझ्या अक्षरात आहे. संस्थेत मी नटी नाही. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी तालमीच्या खोलीत हातात संहिता, असे माझे तीस वर्षे चालले आहे. प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करते. आपला आवाज नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढेच या कामाचे कसब. दौऱ्यावर मात्र माझ्याकडे अगदी उलटे काम आले. मराठी संवादांचे इंग्रजी भाषांतर रंगमंचाच्या वरच्या पडद्यावर दाखवायचे होते आणि कोणते वाक्य केव्हा दाखवायचे हे ज्याला नाटक तोंडपाठ आहे त्यालाच कळणार होते. सबटायटल्सच्या त्या एकेका चौकटीला मी ‘पाटी’ म्हणू लागले आणि पुढे सगळेच म्हणू लागले. अशा ४१२ पाट्या होत्या.

इंदूरला मराठी नाटकाची परंपरा आहे हे इथल्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही, बाहेरच्याला मात्र दर वेळी सांगावे लागते. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेली घराणी, बाबा डिके यांची ‘नाट्यभारती’ ही नाट्यसंस्था, त्या वर्तुळात रमणारे ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, आणि आता ‘सानंद’ या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची नाटके नेमाने पाहणारा प्रेक्षक, हे सगळे आमच्या मागे उभे आहे. आमची संस्था त्या मानाने अगदी लहान. रामबागेतल्या एका शाळेचे सभागृह संध्याकाळी सातनंतर मिळते आणि परीक्षांच्या दिवसांत तेही मिळत नाही.

नाटक होते भासाचे ‘ऊरुभंग’. भासाच्या नावावर असलेली तेरा नाटके केरळात सापडली आणि १९१२ च्या सुमारास गणपतिशास्त्री यांनी ती छापली. तोपर्यंत कालिदासाने आदराने घेतलेले हे नाव बव्हंशी नावापुरतेच उरले होते. ‘ऊरुभंग’ एकांकी आहे. भीमाच्या गदेने मांड्या मोडलेला दुर्योधन हातांवर सरपटत येतो, आणि कपटाने केलेल्या या वाराचा सूड घ्यायला निघालेल्या बलरामाला तोच आवरतो. आंधळा धृतराष्ट्र आणि पट्टी बांधलेली गांधारी प्रेतांच्या गर्दीत मुलाला शोधत येतात. लहानगा दुर्जय वडिलांच्या मांडीवर बसायला धावतो आणि वडिलांना त्याला नको म्हणावे लागते. संस्कृत रंगभूमीने प्रेक्षकांसमोर मृत्यू दाखवणे टाळले, इथे मात्र नायक समोरच मरतो, आणि मरण्यापूर्वी मुलाला सांगतो की पांडवांना माझ्यासारखेच मान. ज्याने सुईच्या अग्राएवढी जमीन द्यायला नकार दिला, ज्याच्यापुढे कृष्णाची शिष्टाई वाया गेली, त्याच्याच तोंडी भासाने तहाची भाषा घातली आहे.

आमच्या संस्कृतच्या बाईंनी (निवृत्त शिक्षिका, वय ७४, तालमीला रोज येणाऱ्या) याचे मराठी केले. मूळ नांदीतला भीष्म-द्रोणांच्या काठांमधून वाहणाऱ्या शत्रुनदीचा आणि ती तरून नेणाऱ्या केशवरूपी होडीचा श्लोक त्यांनी तसाच ठेवला, कारण गीताध्यानातल्या ‘भीष्मद्रोणतटा जयद्रथजला’ या श्लोकामुळे तो घरोघरी ओळखीचा वाटतो. इंदूरच्या पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगेतल्या काही आज्यांनी तो नटांबरोबर म्हटलादेखील.

पण नाटक दुर्योधनाच्या तहावर संपत नाही. तो शेवटचे श्वास घेत असताना अश्वत्थामा धनुष्य घेऊन येतो. दुर्योधन त्याला धनुष्य खाली ठेवायला सांगतो आणि तो ठेवत नाही. रात्री झोपलेल्या पांडवांवर चालून जाण्याची प्रतिज्ञा तो करतो, दुर्जयाला नुसत्या शब्दांनी राज्याभिषेक करतो आणि निघून जातो. आमच्या प्रयोगात याला चार मिनिटे लागत. आमचा सगळा वाद या चार मिनिटांचा आहे.

तालमी २०१९ च्या जानेवारीत सुरू झाल्या. १४ फेब्रुवारीला पुलवामा झाले, २६ ला बालाकोट, आणि त्या पंधरा दिवसांत आमच्या तालमीच्या खोलीत जे बोलले गेले ते सगळे इथे लिहावे असे मला वाटत नाही. आमच्या बलरामाने स्पष्ट सांगितले की चाळीस जवानांच्या चितांची चित्रे घरी टीव्हीवर पाहून इथे येऊन ‘राग आवरा’ हे वाक्य ऐकून घेणे त्याला जड जाते. त्यावर दादांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, त्याला तो जडपणा तसाच भूमिकेत ठेवायला सांगितले. हे उत्तर मला त्या वेळी पळवाट वाटले होते. बलराम आठवडाभर आला नाही. आला तेव्हा त्याचे काम पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले होत होते, आणि कारण त्याला कोणी विचारले नाही.

मे महिन्यात पैशांचा प्रश्न आला. तेरा माणसांचे विमानभाडे, सभागृहाचे भाडे, राहणे, व्हिसा. एक देणगीदार मिळाले. सज्जन गृहस्थ, नाटक पाहून डोळे पुसणारे. त्यांची एकच इच्छा होती: गांधींच्या देशातून शांततेचे नाटक जाते आहे, तर त्याचा शेवट शांततेवर व्हावा. शिवाय तिकडे आम्हाला मिळालेला वेळ ५० मिनिटांचा होता आणि आमचे नाटक ५८ मिनिटे चालत होते. आठ मिनिटे कुठून तरी काढायचीच होती. दादांनी दोन मिनिटे नांदीतून काढली, दोन मिनिटे तीन सैनिकांच्या रणवर्णनातून, आणि उरलेली चार अश्वत्थाम्याची. आमचा अश्वत्थामा आता एकही शब्द न बोलता प्रवेश करणार होता, दुर्योधनाकडे पाहणार होता आणि धनुष्य त्याच्या पायाशी ठेवून गुडघे टेकणार होता.

मी या बदलाच्या बाजूने होते हे कबूल करते. त्यात माझा स्वार्थ होता, कारण ३८ पाट्या कमी होत होत्या. बाईंनी फक्त विचारले, “भासाने न ठेवलेले धनुष्य तुम्ही कोणाच्या परवानगीने खाली ठेवता?” आणि चार दिवस त्या तालमीला फिरकल्या नाहीत.

भाषांतर करताना मला दुसरीच अडचण आली. इंग्रजीत ‘पीस’ हा एक शब्द आणि आमच्या संहितेत त्याच्या जागी पाच. वर्गात शिक्षक ठेवायला सांगतात ती शांतता. नवे घर झाले की करतात ती वास्तुशांत. लढाई थांबते तो तह. भाऊबंदांत होतो तो समेट. मध्ये पडून कोणीतरी करायची ती शिष्टाई. शिवाय दिवा विझतो म्हणू नये म्हणून तो ‘शांत होतो’, आणि माणूस गेला की त्यालाही आपण हेच क्रियापद लावतो. बाईंनी शेवटच्या रंगसूचनेत दुर्योधनाविषयी ‘शांत होतो’ एवढेच लिहिले होते. नाट्यशास्त्रात भरताने रस आठच सांगितले, नववा शांतरस नंतर आला आणि त्याची बाजू अभिनवगुप्ताने मांडली, हेही बाईंनीच मला सांगितले. म्हणजे शांत या गोष्टीला रंगमंचावर जागा द्यावी की नाही हा प्रश्न आपल्याकडे हजार वर्षांपासून आहे. पाटीवर दोन ओळींपेक्षा जास्त मावत नाही. मी सगळीकडे ‘पीस’ लिहिले आणि पुढे गेले.

एडिंबरोला जायचे ठरले त्याचे एक कारण अगदी व्यवहारी होते. तिथल्या ‘फ्रिंज’ महोत्सवात निवड समिती नसते. ज्याला जागा मिळाली तो नाटक करू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, युरोपातील माणसांनी कलेच्या निमित्ताने पुन्हा एकत्र यावे म्हणून तिथे मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी आठ नाटक मंडळ्या बोलावणे नसताना येऊन कडेला प्रयोग करून गेल्या. त्या कडेचा पुढे फ्रिंज झाला. आपल्या माणसांना ही जागा नवी नाही: हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ला १९८२ मध्ये तिथे ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला होता आणि इम्फाळच्या रतन थिय्याम यांच्या ‘चक्रव्यूह’ला १९८७ मध्ये. थिय्याम यांनी ‘ऊरुभंग’ही केले होते आणि कलिंगानंतरच्या अशोकावरचे ‘उत्तर प्रियदर्शी’ घेऊन ते अमेरिकेपर्यंत गेले होते. छत्तीसगडच्या गावांतले नट घेऊन जाणारा एक, मणिपुरातल्या बंदुकांच्या सावलीत तालमी करणारा दुसरा. आमची त्यांच्याशी तुलना नाही, परंतु विमानात बसताना ही दोन नावे मनात होती.

आमचे सहा प्रयोग होते, मंगळवार ६ ऑगस्ट ते रविवार ११ ऑगस्ट, रोज दुपारी सव्वाबाराला, एका चर्चच्या सभागृहात. पहिला प्रयोग हिरोशिमा दिनी येतो हे लक्षात आल्यावर देणगीदारांनी पत्रकावर तसे छापून घेतले होते. ती पत्रके आम्ही हाय स्ट्रीटवर उभे राहून वाटत होतो. गांधारी आणि दोन सैनिक पावसात भिजत, नऊवारीवर रेनकोट घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘महाभारत’ हा शब्द समजावून सांगत होते. त्या गल्लीत शेकडो मंडळ्या हेच करत असतात, त्यामुळे कोणी थांबून ऐकले तरी उपकार वाटत.

इंदूरला आमच्या प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, मग तीन घंटा. तिथे एका प्रयोगाचे सामान आवरून दुसऱ्याचे मांडायला पंधरा मिनिटे. धुराने आग सूचक वाजेल म्हणून उदबत्ती नाही, पडद्याच्या कापडाला आगप्रतिबंधक लेप लावल्याचा दाखला आधी दाखवावा लागला, आणि तिसऱ्या घंटेऐवजी दिव्यांचे काम पाहणारा तिथला तरुण वरून हात हलवून खूण करी. दुर्योधनाने नारळ न फोडता काम करायला साफ नकार दिला. शेवटी राहत्या घराच्या पायरीवर रोज सकाळी नारळ फोडू लागलो आणि सहा दिवस तेरा माणसांच्या पोह्यांवर खोबरे भरपूर पडले.

पहिल्या दिवशी प्रेक्षक चौदा. पंचेचाळिसाव्या मिनिटाला दुर्योधनाचा शेवटचा श्वास चालू होता, मृदंग थांबला होता, आणि बाहेर तोफ धडाडली. आमच्यापैकी अर्धे जण उडाले. प्रेक्षकांत मात्र दोघांनी सहज मनगटावरचे घड्याळ पाहिले. नंतर कळले की किल्ल्यावरून रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ सुटते, १८६१ पासून, लीथ बंदरातल्या जहाजांनी घड्याळे जुळवून घ्यावीत म्हणून. आता जहाजांना तिची गरज नाही, तोफ मात्र चालू आहे. दुर्योधनाने डोळे उघडले नाहीत याबद्दल त्या रात्री त्याचे कौतुक झाले. तो म्हणाला, तोफ मला प्रयोगाचाच भाग वाटली. त्याच रात्री किल्ल्यावर लष्करी बँडचा मोठा सोहळा होता, ऑगस्टभर तो असतोच, आणि शेवटी आतषबाजी. खिडकीशी बसून वरणभात खाताना ती आम्ही पाहिली.

त्या दिवशी प्रयोगानंतर एका बाईंनी दादांना विचारले की हे नाटक काश्मीरविषयी आहे का. आदल्याच दिवशी दिल्लीत काश्मीरच्या ३७० कलमाचा तो निर्णय झाला होता आणि तिथल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होता. दादांनी सांगितले की आम्ही तालमी जानेवारीत सुरू केल्या. उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते, आणि बलराम मान खाली घालून मुकुट पुसत राहिला.

गुरुवारी, तिसरा प्रयोग संपल्यावर, दिवे सांभाळणारा तो तरुण माझ्याजवळ आला. त्याने तिन्ही प्रयोग वरून पाहिले होते, म्हणजे माझ्या पाट्या तीनदा वाचल्या होत्या. त्याचा प्रश्न साधा होता: शेवटी येतो तो माणूस एवढा रागाने येतो, मग धनुष्य ठेवायला त्याला कोणी समजावले? मी म्हटले, दुर्योधनाने. तो म्हणाला, पण तो तर त्याच्याशी बोललाच नाही. मला काही सुचले नाही. मी लॅपटॉप बंद केला.

मला त्या वेळी सुचले नाही ते आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. अश्वत्थाम्याला कोणीही समजावू शकलेले नाही. खंडवा रोडने पुढे बऱ्हाणपूरच्या वाटेवर असीरगड आहे. तिथल्या महादेवावर पहाटे कोणी येण्याआधी ताजे फूल वाहिलेले असते आणि ते अश्वत्थामा वाहतो, अशी त्या भागातली समजूत आहे. नर्मदेच्या परिक्रमेला जाणारे लोकही सांगतात की कपाळाची जखम भरत नाही म्हणून तो तेल आणि हळद मागत फिरतो. माझी आजी सरवटे बसस्टँडवरून ओंकारेश्वरची बस धरताना पिशवीत तेलाची लहान शिशी ठेवत असे, न जाणो कोणी मागितले तर. मराठीत आपण अश्वत्थाम्याची भळभळती जखम म्हणतो आणि पुढे काही समजावून सांगत नाही. त्याला गुडघ्यावर बसवून आम्ही आमच्याच प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट परक्यांपासून लपवली होती, आणि तीही त्यांना बरे वाटावे म्हणून. परक्याने ती लपवाछपवी तीन दिवसांत ओळखली.

संध्याकाळी मी हे दादांना सांगितले. ते काही वेळ गप्प बसले. आमचा अश्वत्थामा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. हा मुलगा महावितरणासारख्या एका कार्यालयात कारकून आहे, रजा बिनपगारी घेऊन आला होता, आणि सात हजार किलोमीटर येऊन रोज एकही शब्द न बोलता गुडघे टेकत होता. त्याने कधी तक्रार केली नव्हती. दादांनी त्याला हाक मारून विचारले, “जुने पाठ आहे का रे?” तो ओल्या हातांनी दारात उभा राहिला आणि तिथूनच प्रतिज्ञेचा उतारा पहिल्या शब्दापासून म्हणू लागला.

चार मिनिटे कुठून आणायची हा प्रश्न होताच. तीन मिनिटे सैनिकांच्या रणवर्णनातून काढली, म्हणजे तुटलेले हत्ती, रथांची चाके आणि गिधाडे गेली, आणि एक मिनिट राण्यांच्या विलापातून. सैनिक नाराज झाले. त्यातल्या एकाने, मागेपुढे न पाहता, युद्ध कापून सूड वाढवता का, असे विचारले, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. काढलेल्या ३८ पाट्या माझ्याकडे होत्याच, कारण प्रॉम्प्टर संहितेतले खोडलेले पान फाडून टाकत नाही. रोज रात्री फोनवर बाई एकच विचारीत, “ठेवले का आज धनुष्य?” त्या रात्री मी सांगितले, “उद्यापासून नाही.” पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही, मग त्यांनी तिकडे थंडी किती आहे ते विचारले.

शुक्रवारी नव्या क्रमाने नाटक झाले तेव्हा अश्वत्थाम्याचा प्रवेश चव्वेचाळिसाव्या मिनिटाला आला. दुर्योधनाने ‘धनुष्य खाली ठेव’ म्हटले आणि त्याच क्षणी तोफ सुटली. आम्ही ठरवले नव्हते. प्रेक्षक या वेळी घड्याळाकडे पाहायचे विसरले. शनिवारी तेच, फार तर तीन-चार सेकंदांचा फरक. अश्वत्थाम्याने त्या वाक्यानंतर क्षणभर थांबायला सुरुवात केली, आधी तोफेचा आवाज, मग त्याचा नकार, आणि ते इतके जमून आले की जणू भासानेच लिहून ठेवले असावे. प्रेक्षक ३१ झाले होते. आमच्या मानाने सभागृह भरले होते.

रविवारी तोफ सुटत नाही. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. दुर्योधनाने वाक्य म्हटले, अश्वत्थामा धनुष्यावर हात ठेवून उभा राहिला आणि थांबला. मीही थांबले. पाच सेकंद, दहा सेकंद. मृदंगवाल्याने माझ्याकडे पाहिले. विंगेत असते तर मी पहिला शब्द कुजबुजले असते, पण मी सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी, लॅपटॉपसमोर बसले होते आणि मध्ये सगळा प्रेक्षक होता. त्याचा चेहरा मला दिसत होता; तो वाक्य विसरला नव्हता, तो आवाजाची वाट पाहत होता. मग मी जे कधी करायचे नसते ते केले. त्याने म्हणायच्या आधीच त्याच्या नकाराची पाटी पडद्यावर टाकली. पडदा त्याच्या डोक्याच्या वर होता, त्याला तो दिसणे शक्य नव्हते. पण समोरच्या तीस-पस्तीस माणसांचे डोळे एकदम त्याच्या डोक्यावर गेले, वाचू लागले, आणि परत खाली त्याच्याकडे आले. त्याला कळले. ‘नाही’ हा शब्द त्याने इतक्या हळू उच्चारला की मागे मला तो ऐकू आला नाही, फक्त ओठ हललेले दिसले. पुढची प्रतिज्ञाही त्याने त्याच आवाजात म्हटली, एरवीसारखी गर्जना न करता. वीस एक सेकंद प्रेक्षकांना त्याचे उत्तर माहीत होते आणि त्याने ते दिलेले नव्हते.

दादा नंतर म्हणाले की इंदूरच्या प्रयोगातही हे असेच ठेवू. ते जमले नाही. ऑक्टोबरात इथे प्रयोग झाला तेव्हा पाट्या नव्हत्या, मी विंगेत होते, आणि आमच्या प्रेक्षकाला त्याचे उत्तर आधीपासूनच माहीत असते. देणगीदार पहिल्या रांगेत होते. शेवट बदलल्याचे आम्ही त्यांना पत्राने कळवले होते. प्रयोगानंतर ते भेटायला आत आले, सगळ्यांशी बोलले, अश्वत्थाम्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला नोकरी कुठे आहे ते विचारले. नाटकाविषयी काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीची देणगी मात्र निम्मी आली.

मुंबईला उतरल्यावर कार्नेवर परतीचा शिक्का घेताना पेटी उघडली आणि अधिकाऱ्याने यादीतली एक-एक वस्तू बोटाने मोजली. गदा दोन, धनुष्य एक, बाण नऊ. पुन्हा मोजले, नऊच. रविवारी दुसऱ्या मंडळीला जागा देण्याच्या घाईत एक बाण रंगमंचाच्या फळ्यांमधून खाली गेला असावा, असे मृदंगवाला म्हणतो. तो घरंगळत गेल्याचे पाहिल्यासारखे त्याला वाटते. मी निवेदन लिहून दिले, त्यात त्याची किंमत ६० रुपये अशी आमच्याच यादीप्रमाणे घातली. अधिकाऱ्याने विचारले की बाण कशाचा होता. बांबूचा, टोकाला रबर, असे मी सांगितले, आणि त्याने ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतले. रामबागेतल्या सुताराला दहावा बाण करायला सांगितले आहे. त्याने मापासाठी एक जुना नेला आहे, त्यामुळे तूर्त पेटीत आठच आहेत.